तुर्भ्याला निळं येत नाही

दुपारी तीनला किशन धोत्रे आला
कोपरखैरण्याच्या माझ्या गाळ्यात,
तान्ह्या पोराला उन्हातून आणावं तसा
गमछ्याखाली दगड घेऊन.
उघडला, तर टेबलभर निळं.

"अण्णांच्या खाणीतला. पेटीत होता, परवा सापडला.
बारा हजार द्या."

मी आधी दगड बघत नाही.
माणसाची नखं बघते. भिंग नंतर.
नखांच्या कडेला बारीक मोरपिशी रेघ होती.

हे मला कॉलेजात नाही शिकवलं कुणी.
खाणीवर खडी निवडणाऱ्या बायांनी शिकवलं:
गालाला लाव, खरा असेल तर गार लागेल,
आणि पटकन तुझा होणार नाही.
काचेतला बुडबुडा गोल असतो,
डोंगरात कोंडलेला थेंब वेडावाकडा.
रंग चढवलेला असेल तर तो भेगांत जाऊन बसतो,
चोरी केलेलं पोर कोपऱ्यात बसतं तसा.
डिंक सुईला घाबरतो. तापव आणि टोच,
वास स्वतःच सांगेल.
आणि फार नेटकं दिसलं की सावध हो, बये.
डोंगराला गिऱ्हाईक माहीत नसतं,
तो एखादा कोपरा मोडकाच ठेवतो.

आणि तुर्भ्याला, किशन,
पांढरं येतं, हिरवट येतं,
जुन्या दातासारखं पिवळट येतं, गव्हाच्या पेंढीसारखं बांधलेलं.
निळं येत नाही.
हे मी बोलले नाही.
चहाच्या काचेच्या ग्लासात पाणी घेतलं,
दगडाची निळी बाजू त्यात बुडवून ठेवली
आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

आईच्या गुडघ्यांवरून गोष्ट दवाखान्यावर गेली,
दवाखान्यावरून बिलावर.
तोवर पाणी
निळीची पुडी सुटावी तसं.

"मोरचूद," तोच म्हणाला.
"पावण्याला प्लेटिंगमध्ये असतो मी.
बादलीत सोडलेला. अकरा रात्री.
वरून पोतं झाकलं ना, की मोठे धरतात.
हलवायचं नाही अजिबात."
आवाजात लाज होती,
पण लाजेच्या खाली दुसरंही काही होतं,
पहिली भाकरी फुगल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर असतं ते.

मला काय म्हणायचं होतं?
की बादलीतला कणही खोटं बोलत नव्हता.
पोत्याच्या अंधारात तोही
आपल्याच कोनात वाढला होता, कुणी न सांगता.
खोटा होता तो मधला डिंक.
आणि ती चिठ्ठी, सुबक अक्षरातली:
तुर्भे, जुनी खाण.

निळं उतरलं. उरला काळा फत्तर,
हा मात्र तुर्भ्याचाच, शंभर नंबरी.
त्याच्या पोकळीत तळाशी
एक चौकोन, नखाएवढा, सपाट,
मोत्यासारखा चमकणारा.
इथे कधीतरी अपोफिलाइट उभा होता.
बुंध्यातून सरळ निघाला होता, एका घावात.

किशन वाकला.
बराच वेळ वाकलेला राहिला.
"हा अण्णांनी काढलेला," म्हणाला, "माझ्यासमोर.
सुरतेच्या माणसाने पंच्याऐंशी रुपयांना नेला.
त्या रात्री कोंबडी केली होती घरी."

खाण बंद झाली तिला किती वर्षं झाली, दोघांनाही आठवेना.
खड्ड्यात आता हिरवं पाणी असतं,
कडेला ट्रकवाले आंघोळ करतात.

मी त्याला सातशे दिले.
"रिकाम्या दगडाचे?"
रिकाम्या दगडाचेच.
नवी चिठ्ठी लिहिली:
बेसाल्ट, तुर्भे. अपोफिलाइट काढून नेल्याची जागा.
"हे कोण घेणार, ताई?"
ते मलाही माहीत नव्हतं.
ग्लासकडे बघून तो जाता जाता म्हणाला,
"कुंडीत ओतू नका, झाड जळेल."

म्हणून तो खिडकीतच राहिला.
पाणी रोज थोडं खाली जातं.
आज सकाळी काठाशी
तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी धरलंय,
निळं, धारदार, एक बाजू तिरकी.

त्याला मी अजून चिठ्ठी लावलेली नाही.